रोपाची आई कोण?

आमच्या भंडारा जिल्ह्यात सध्या एक शब्द फार स्वस्त झाला आहे. टिश्यू कल्चर! रोपवाटिकेच्या पाटीवर तो असतो, एस.टी. स्टँडजवळच्या भिंतीला चिकटवलेल्या कागदावर असतो, आणि गावात रोपे विकायला आलेल्या माणसाच्या तोंडी तर दर वाक्यात असतो. टिश्यू कल्चर साग, टिश्यू कल्चर बांबू. जणू आयएसआयचा शिक्काच. साधा शेतकरी मग विचारतो, "गुरुजी, टिश्यू कल्चरचं हाये म्हनते, मंग चांगलंच असन ना?"

तसे काही नाही, बाबा. टिश्यू कल्चर ही रोप तयार करायची रीत आहे. तो रोपाचा गुण नाही. छापखाना उत्तम असला म्हणून त्यात छापलेले प्रत्येक पुस्तक उत्तम होत नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे, पण जरा नीट सांगायचे आहे, कारण यात माणसांची वीस-वीस आणि चाळीस-चाळीस वर्षे गुंतणार आहेत.

आधी ही रीत काय ते पाहू. मराठीत तिला ऊती संवर्धन म्हणतात. निवडलेल्या झाडाच्या कोवळ्या फांदीवरचा डोळा घ्यायचा, तो निर्जंतुक करायचा आणि काचेच्या बाटलीत अगारच्या थरावर ठेवायचा. त्या अगारमध्ये साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि वनस्पतींची संप्रेरके घातलेली असतात. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी जे मिश्रण बसवून दिले, तेच आजही जगभर थोड्याफार फरकाने वापरतात. सायटोकायनिन नावाचे संप्रेरक जास्त ठेवले की कोंब फुटतात, ऑक्सिन जास्त ठेवले की मुळ्या सुटतात. एका कोंबाचे तीन-चार झाले की ते वेगळे करून नव्या बाटल्यांत लावायचे. पुन्हा तेच, पुन्हा तेच. शेवटी मुळ्या आलेले रोप बाहेर काढून काही आठवडे दमट सावलीत सांभाळायचे, कारण बाटलीत वाढलेल्या त्या लेकराला ऊन-वारा माहीतच नसतो.

आता शाळेतले गणित करू. एका कोंबाचे दर महिन्याला तीन झाले आणि एकही वाया गेला नाही, असे धरा. बारा महिन्यांत किती? ५,३१,४४१. सगळी रोपे एकाच झाडाच्या हुबेहूब नकला. ही या रीतीची ताकद आहे आणि धोकाही हाच आहे. आई चुकीची निवडली तर तीच चूक ५,३१,४४१ वेळा छापली जाते. बियांपासून केलेल्या रोपांत बरी-वाईट मिसळलेली असतात, म्हणून शंभरातली काही तरी पदरात पडतात. इथे तशी सोय नाही. खाण तशी माती, आणि खाण एकच.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायला हवा की, या रोपाची आई कोण? कुठल्या रानातली, किती वयाची, कोणी निवडली, कशासाठी निवडली? जिल्ह्यात जी रोपे माझ्या पाहण्यात आली, त्यांच्या पिशवीवर किंवा पावतीवर हे कुठेही लिहिलेले नव्हते. 'टिश्यू कल्चर' मात्र ठळक अक्षरात होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, म्हातारा विज्ञानाच्या विरोधात लिहितो आहे. मुळीच नाही. उलट या कामात महाराष्ट्राचा मान मोठा आहे, आणि तो आपल्या पोरांना शाळेत सांगितला जात नाही याचे मला वाईट वाटते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) डॉ. जगन्नाथन, डॉ. मस्कारेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सागाची रोपे टिश्यू कल्चरने केल्याचे प्रसिद्ध केले. ती नुसती कोवळ्या रोपापासून नव्हती. शंभर वर्षांच्या जुन्या सागापासूनही केलेली होती. याचे महत्त्व आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. सागाचे बी टणक, उगवण कमी, आणि उगवलेले प्रत्येक रोप वेगळे. शंभर वर्षे सरळसोट वाढून ज्याने आपला गुण दाखवला आहे, अशाच सागाची नक्कल मिळाली तर? पुण्याच्या त्या माणसांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तरही काढले. त्यांनी आई आधी पाहिली, बाटली नंतर घेतली. माझा आग्रह त्यांच्याच क्रमाचा आहे.

या गटातले एक संशोधक प्रमोद गुप्ता पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे पाइनच्या झाडांवर काम करू लागले. पाइन म्हणजे आपल्या हिमालयातल्या चीडचे भाऊबंद. ड्युरझन यांच्याबरोबर गुप्तांनी १९८६-८७ च्या सुमारास शुगर पाइन आणि लोब्लॉली पाइन या जातींत बियांतल्या गर्भाच्या पेशींपासून असंख्य गर्भ बाटलीत तयार करून दाखवले. आपल्याकडे एनसीएलमध्येही चीडच्या वाढलेल्या झाडांपासून रोपे करण्याचे काम झाले, ते २००३ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. भंडाऱ्यात चीड होत नाही, मग त्याची कथा इथे कशाला, असे वाटेल. पण पाइनवाल्यांची एक अडचण आणि तिच्यावरचा त्यांचा उपाय, हे दोन्ही आपल्या फार कामाचे आहेत.

अडचण अशी. पाइनचे झाड वयात आले की बाटलीत सहसा दाद देत नाही. गर्भाच्या पेशी मात्र भराभर वाढतात. म्हणजे ज्या झाडाचा गुण कळला आहे त्याची नक्कल करणे कठीण, आणि ज्याची नक्कल सोपी ते अजून जन्मलेलेच नाही! त्या गर्भाचे पुढे सरळ झाड होईल की वाकडे, रोगाला टिकेल की नाही, कोण सांगणार? नापास होणार की पास हे न कळताच पोराच्या पाच लाख प्रती काढायच्या?

पाइनवाल्यांनी काय केले पाहा. प्रत्येक गर्भापासून वाढवलेल्या पेशींचा थोडा भाग त्यांनी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली १९६ अंशांवर गोठवून ठेवला. उरलेल्या पेशींची थोडीशी रोपे करून ती रानात लावली आणि कित्येक वर्षे नुसते पाहत बसले. जी झाडे कसाला उतरली, त्यांच्याच गोठवलेल्या पेशी बाहेर काढून मग त्यांची पैदास वाढवायची, बाकीच्या फेकून द्यायच्या. आधी परीक्षा, मग प्रती. एवढी यंत्रे, एवढा पैसा असलेली माणसे वर्षानुवर्षे थांबतात, आणि आपल्याकडे रोप विकणारा चार वाजता येतो आणि पाचच्या गाडीने जातो.

केळीचे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. जळगावच्या केळीला टिश्यू कल्चरने सोन्याचे दिवस आणले, मग साग-बांबूला का नाही? केळीचे खरे आहे, मान्य. पण केळीचा घड वर्षभरात हाती येतो. तिची परीक्षा वार्षिक आहे. रोप बिघडलेले निघाले तर शेतकरी एक हंगाम बुडतो, पुढच्या वर्षी रोपवाटिका बदलतो, आणि वाईट रोपे विकणाऱ्याचे दुकान आपोआप बसते. झाडाची परीक्षा वीस वर्षांनी. निकाल लागतो तेव्हा विकणारा सापडत नाही आणि विकत घेणाऱ्याचा पोरगा सातबारावर असतो. जी चूक केळीत बाजार सुधारतो, ती झाडात बाजाराला कळतसुद्धा नाही. म्हणून झाडाच्या बाबतीत नियम आधी हवेत.

हे नुसते भय दाखवणे नव्हे. मलेशियात तेलताडाची टिश्यू कल्चर झाडे १९८० च्या दशकात लावली गेली. रोपे दिसायला छान होती. काही वर्षांनी फुलोरा आला तेव्हा कळले की त्यातल्या काही झाडांची फुले विद्रूप आहेत आणि फळातून तेल मिळत नाही. आई चांगली होती, पण बाटलीतल्या मुक्कामात पेशींत बिघाड झाला होता. त्याचे नेमके कारण शास्त्रज्ञांना थेट २०१५ मध्ये सापडले. बिघाड बाटलीत, पत्ता शेतात, आणि कारण तीस वर्षांनी!

आता बांबूकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्यात खरी घाई तिथे चालू आहे. २०१७ मध्ये केंद्राने वन कायद्यातली झाडाची व्याख्या बदलली आणि वनाबाहेरचा बांबू झाडाच्या यादीतून काढला (शास्त्राने तो पहिल्यापासूनच गवत आहे). त्यामुळे शेतातला बांबू तोडणे-नेणे सोपे झाले. २०१९ मध्ये राज्याने अटल बांबू समृद्धी योजना आणली आणि शेतकऱ्याला टिश्यू कल्चर बांबूची रोपे सवलतीत द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला आहे. धानाच्या धुऱ्यावर, पडीत जागेवर बांबू लागला तर मला आनंदच आहे.

पण बांबूचे एक वैशिष्ट्य आहे, आणि ते साग, आंबा यांना नाही. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि मरतो. कटांग साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी फुलतो. मानवेलीचे चक्र जागेप्रमाणे कमी-जास्त असते. एका बियाण्याची बेटे कुठेही नेऊन लावली तरी बहुधा एकाच सुमाराला फुलतात. मिझोराममध्ये १९५९ मध्ये बांबू फुलला, उंदीर माजले, धान खाल्ले गेले आणि दुष्काळ पडला. तो पुन्हा फुलला २००६ ते २००८ च्या दरम्यान. घड्याळ असे पक्के असते. बांबू फुलला की वाईट दिवस येतात, हे आपल्याकडची जुनी माणसेही सांगत.

मग आता विचार करा. जुन्या बेटाचा कंद काढून दुसरीकडे लावला, तरी तो बहुधा मूळ बेटाबरोबरच फुलतो, असा जुना अनुभव आहे. कारण जागा नवी असली तरी पेशी त्याच वयाच्या. टिश्यू कल्चरचे रोप हीसुद्धा त्याच बेटाची एक फांदी. आईच्या आयुष्याची आठच वर्षे उरली असतील, तर रोपवाटिकेतून आणलेल्या त्या वीतभर रोपाची किती उरली? शेतकरी समजतो, चाळीस वर्षे कापत राहू. आणि एका वर्षी सगळे शेत एकदम फुलून उभ्या उभ्या वाळते. एकाच आईची लेकरे, एकाच मुहूर्तावर.

यावर तज्ज्ञ सांगतील की, रोपे बियांपासूनच्या कोवळ्या रोपापासून केली तर पूर्ण आयुष्य मिळते. बरोबर. पण मग पाइनचीच अडचण समोर येते. बियांतून आलेल्याची परीक्षा झालेली नसते. परीक्षा झालेल्या जुन्या बेटाचे आयुष्य किती उरले ते माहीत नसते. दोन्हींतले काय आपल्या पदरात पडते आहे, हे जाणून घ्यायचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे की नाही? पुण्याच्याच प्रयोगशाळेतल्या डॉ. रजनी नाडगौडा, डॉ. मस्कारेन्हस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात दाखवून दिले की, बांबूच्या रोपांना बाटलीत काही महिन्यांतच फुले आणता येतात. अगारमध्ये नारळाचे पाणी आणि सायटोकायनिन घालून त्यांनी हे केले. जगात त्याचा गाजावाजा झाला, आणि योग्यच झाला. पण त्यातून साध्या माणसाने हेही घ्यावे की बाटलीतल्या द्रव्यांना बांबूचे घड्याळ हलवता येते. अशा नाजूक गोष्टीची नोंद न ठेवता लाखांनी रोपे वाटणे बरे नाही.

आणि 'चांगला बांबू' म्हणजे तरी कोणासाठी चांगला? आमच्याकडचा बुरड सूप, टोपली, ढोली, तट्टे विणतो. त्याला हिरवा, सरळ पेरांचा, सोललेली कामटी वाकवली तर न मोडणारा बांबू लागतो. बांधकामाला जाड आणि ताठ लागतो. भट्टीत जाळायला नुसते वजन लागते. ईशान्येकडचे बाल्कोआ, टुल्डा हे बांबू दणकट आहेत, यात वाद नाही. बाल्कोआला बी क्वचितच धरते, त्यामुळे त्याला कंद, फांदी किंवा टिश्यू कल्चर यांचाच आधार आहे. पण आपल्या रानातल्या मानवेलीतली उत्तम बेटे कुठली, हे चार म्हाताऱ्या बुरडांना घेऊन कोणी निवडली आहेत का? त्यांच्या बोटांना जे कळते ते कोणत्या अर्जात लिहिले आहे?

सागाच्या बाबतीत तर आपण एकदा पोळलो आहोत. १९९० च्या दशकात सागाच्या लागवडीत पैसे गुंतवा, वीस वर्षांत लखपती व्हा, अशा जाहिरातींचा पूर आला होता. मास्तर, कारकून, निवृत्त माणसे, सगळ्यांनी पैसे घातले. शेवटी सेबीला १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम करावे लागले. त्या जाहिराती जे सांगत नसत ते असे की, उत्तम इमारती सागासाठी वनखात्याने साठ-ऐंशी वर्षांचे चक्र धरलेले आहे. वीस वर्षांच्या सागात पांढरे लाकूड जास्त आणि ज्याला किंमत येते ते आतले पक्के लाकूड कमी. शिवाय सागाला पायाशी पाणी साचलेले चालत नाही, आणि आमची धानाची बांधी म्हणजे पाणी साचवण्यासाठीच केलेली जागा! टिश्यू कल्चरने यातले काहीही बदलत नाही. बाटलीतून आलेल्या सागालाही कुजायला तेवढाच वेळ लागतो.

एकसारखेपणाचे कौतुकही जरा बेतानेच करावे. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ झाले आणि पूर्व विदर्भातली मिश्र जंगले साफ करून त्या जागी साग लावला गेला. त्यात ऐन गेला, मोह गेला, तेंदू-चारोळी गेली. ऐनावर कोशाच्या अळ्या वाढवणाऱ्या ढिवरांना जाऊन विचारा, ऐन गेल्यावर काय जाते ते. पानांची जाळी करणारी अळी एका सागावर आली की साऱ्या सागांवर येते, कारण मध्ये दुसरे झाडच नाही. तेव्हा ती सागाची झाडे निदान वेगवेगळ्या बियांची होती. उद्या ती एकाच झाडाच्या नकला असतील, तर अळीला काय आणि रोगाला काय, एक कुलूप उघडले की सगळी घरे उघडी.

प्रमाणपत्र असते ना, असेही म्हटले जाते. असते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली, ती चांगली आहे. रोप विषाणूमुक्त आहे आणि आईसारखेच आहे, याची खात्री त्यातून मिळते. पण 'आईसारखे आहे' हे वाचून मला पुन्हा तोच प्रश्न पडतो. अहो, पण आई कोण?

माझ्या मागण्या फार नाहीत. सरकारी पैशाने दिल्या जाणाऱ्या साग-बांबूच्या प्रत्येक रोपाच्या पावतीवर मराठीत चार ओळी असाव्यात. जात कोणती, मूळ झाड किंवा बेट कोणत्या गावच्या शिवारातले, त्याचे वय किती (बांबू असेल तर मागचा फुलोरा कोणत्या वर्षीचा), आणि रोपे बियांपासूनची की जुन्या झाडापासूनची. एका शेतकऱ्याला एकाच आईची सगळी रोपे देऊ नयेत. आठ-दहा वेगवेगळ्या आयांची मिसळून द्यावीत. म्हणजे रोग आला किंवा फुलोरा आला तरी अर्धे शेत उभे राहील. आणि लाखांनी वाटण्यापूर्वी जिल्ह्यात निदान एक जागा अशी असावी, जिथे ही रोपे आपल्या मातीत, आपल्या पावसात लावून पाहिलेली आहेत आणि कोणीही जाऊन बघू शकतो. धानाच्या बाबतीत हे आपण करतोच. साकोलीच्या केंद्राने काढलेले धानाचे वाण आपण बांधीत लावतो, कारण ते आपल्याच शेजारी तपासलेले असते. चार महिन्यांच्या धानाला ही काळजी, आणि चाळीस वर्षांच्या बांबूला नाही?

यातली एकही मागणी महाग नाही. आई निवडली असेल तर तिची माहिती प्रयोगशाळेकडे असणारच. ती फक्त पावतीवर उतरवायची आहे. आणि माहितीच नसेल, तर मग ते रोप विकलेच कशाला?

शेतकरी बंधूंनो, पुढचा विकणारा गावात आला की त्याच्याशी शास्त्राचा वाद घालू नका. तो इंग्रजी शब्द टाकेल आणि तुम्ही गप्प व्हाल. आपली जुनी म्हण थोडी फिरवून वापरा. आई दाखव, नाहीतर श्राद्ध कर. त्याने गावाचे नाव, वय आणि वर्ष सांगितले तर रोपे घ्या, खुशाल घ्या, काळजीने वाढवा. नाही सांगितले तर पैसे खिशातच ठेवा. धुरा एक पावसाळा रिकामा राहिला तर काही बिघडत नाही.